नेपाळच्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून जाताय? रोज बदलणारा दिवस कसा हाताळायचा, टप्प्याटप्प्याने

नेपाळच्या डोंगरातल्या एखाद्या शाळेत दोन-तीन महिने शिकवायला जायचं ठरवलं की बहुतेक जण घरूनच टाइमटेबल बनवून नेतात. सोमवारी इंग्लिश ग्रामर, मंगळवारी सायन्सचे प्रयोग, बुधवारी क्राफ्ट. मग सोमवारी निम्मी मुलं भातलावणीला गेलेली असतात, मंगळवारी हेडसर पालिकेत मीटिंगला आणि बुधवारी अचानक सुट्टी. असे दोन आठवडे गेले की माणूस वैतागतो आणि "इथे कुणाला शिकायचंच नाही" असं ठरवून मोकळा होतो. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी सगळं क्रमाने लिहून काढायला बसले. मी स्वतः डोंगरातल्या सामुदायिक शाळेत, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी शाळेसारख्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे हे सगळं त्याच शाळा डोळ्यासमोर ठेवून आहे. काठमांडू-पोखऱ्याच्या प्रायव्हेट बोर्डिंग स्कूलमध्ये जात असाल तर टप्पा ४ आणि ५ थोडे सैल धरा, बाकी सगळं लागू.

टप्पा १: हो म्हणायच्या आधी शाळेला विचारा

संस्थेमार्फत जात असाल तरी शाळेच्या हेडसरांशी किंवा हेडमिसशी एकदा थेट फोनवर बोला. संस्थेचं माहितीपत्रक सगळ्या शाळांसाठी एकच असतं, त्यात तुमच्या शाळेचं काही नसतं. विचारायचं ते हे:

- मी कोणत्या शिक्षकाबरोबर काम करणार? नाव सांगा. "सगळ्यांबरोबर" असं उत्तर आलं तर समजा अजून काही ठरलेलं नाही.
- मी येणार त्या काळात परीक्षा कधी, सुट्ट्या कधी?
- राहायचं कुणाच्या घरी, शाळेपासून चालत किती, पावसाळ्यात ती वाट चालू असते का?
- मी गेल्यावर माझा तास कोण घेणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुणीच विचारत नाही. तुमच्यासाठी नवा विषय सुरू केला आणि तुम्ही निघाल्यावर तो बंद पडला तर त्या वर्गाचं वर्षाचं गणित बिघडतं. म्हणून नवा विषय मागू नका, चालू विषयात एका शिक्षकाचा जोडीदार व्हा.

सावधान: शाळेऐवजी "अनाथाश्रमात मुलांना शिकवा" अशी ऑफर आली आणि त्यासाठी भरपूर पैसे मागितले तर जाऊ नका. नेपाळमध्ये अशा घरांतल्या अनेक मुलांचे आई-वडील हयात असतात, शिक्षणाचं आमिष दाखवून त्यांना गावाकडून आणलेलं असतं आणि परदेशी पाहुण्यांच्या पैशावर हा धंदा चालतो. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी पैसा त्यालाच जातो.

टप्पा २: कॅलेंडर जुळवा, इथेच मराठी माणूस फसतो

नेपाळमध्ये शाळेचा सगळा कारभार विक्रम संवतावर चालतो. २०८३ साल आपल्या २०२६ च्या एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं आणि शाळेचं नवं वर्षही त्याच सुमारास, वैशाखात. महिन्यांची नावं ओळखीची वाटतात, वैशाख, जेठ, असार, साउन, आणि आपण बेसावध राहतो. पण हे महिने सौर आहेत, २९ ते ३२ दिवसांचे, आणि इंग्रजी महिन्याच्या साधारण मध्यावर सुरू होतात. आपल्या पंचांगातल्या महिन्यांशी ते जुळत नाहीत. हेडसर "असोज (म्हणजे आश्विन) २० पासून परीक्षा" म्हणाले तर ती तिथी नाही, तारीख आहे. फोनवर नेपाळी कॅलेंडरचं ॲप टाका, प्रत्येक तारीख दोन्हीकडे लिहा.

सण मात्र तिथीनुसार, आणि इथे आपलं घरातलं कॅलेंडर कामाला येतं. त्यांचा दशैं घटस्थापनेपासून सुरू होतो, तिहारची भाइटीका म्हणजे आपली भाऊबीज, आणि तीज म्हणजे हरितालिका. घरच्या कॅलेंडरवर हे दिवस आधी गोल करून ठेवा आणि पुढचा हिशोब पक्का लक्षात ठेवा:

दशैं-तिहारच्या काळात शिकवायला जाऊच नका. मोठी सुट्टी असते, मधे शाळा उघडली तरी मुलं मामाकडून परतलेली नसतात. हरितालिकेला शिक्षिका सुट्टीवर, म्हणजे उरलेल्यांवर दुप्पट वर्ग. वसंत पंचमीला शाळेत सरस्वतीपूजा, त्या दिवशी शिकवणं नाही, छान कपडे घालून जा. असारात भातलावणी, मोठी मुलं शेतात. चैतात दहावीची एसईई परीक्षा आणि बाकीच्या वर्गांचा वर्षअखेरचा गोंधळ. शिवाय तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सखल भागात, थंडीची लाट आली की पुस-माघात शाळा बंद ठेवतात, उंच डोंगरातल्या शाळांना तर हिवाळ्याची सुट्टीच मोठी असते.

मग जायचं कधी? माझं मत विचाराल तर तिहारनंतर मंसिरात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यानंतर, आणि शाळा फार उंचावर नसेल तर तिथून पुढे फागुनपर्यंत. आकाश स्वच्छ, रस्ते कोरडे, सणही कमी.

तपासा: कित्येक वर्षं आठवड्याची सुट्टी फक्त शनिवारी, रविवारी शाळा आणि शुक्रवारी बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस असं चालत आलंय. तुमच्या शाळेत नक्की काय ते विचारून घ्या, नाहीतर पहिल्याच रविवारी तुम्ही आराम करताय आणि शाळेत तुमची वाट बघतायत असं होतं.

टप्पा ३: कागद, पैसे, प्रवास

हे पटकन. भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधार कार्डवर भरवसा ठेवू नका. ज्या मराठी मंडळींकडे अमेरिकन किंवा इतर देशाचा पासपोर्ट आहे त्यांनी नीट लक्ष द्या, टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामालाही परवानगी नाही. आधी संस्थेकडून योग्य व्हिसाची सोय करून घ्या, मगच तिकीट काढा.

शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर कित्येक वर्षं तोच आहे. शंभरच्या नोटा ठेवा, मोठ्या भारतीय नोटा गावातली दुकानं घ्यायला बघत नाहीत. शहरात क्यूआरवर यूपीआय चालतं, पण डोंगरातल्या दुकानात रोख लागते, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीच नेपाळी रोख काढून ठेवा. लोकल सिम पहिल्याच दिवशी. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे करा.

ट्रेनने जाणारे मुंबईहून गोरखपूरला जाऊन तिथून सुनौलीची बॉर्डर पार करतात. पावसाळ्यात पुढचा बसप्रवास रात्री अजिबात करू नका. जुलै २०२४ मध्ये चितवन जिल्ह्यात सिमलतालला दरड येऊन दोन बसेस त्रिशूली नदीत गेल्या, त्या रात्रीच्याच बसेस होत्या. एक दिवस वाया गेला तरी चालेल.

टप्पा ४: पहिला आठवडा फक्त मागच्या बाकावर

उत्साह कितीही असला तरी पहिल्या आठवड्यात स्वतंत्र तास घेऊ नका. जोडीदार शिक्षकाच्या वर्गात मागे बसा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: मुलं कुठपर्यंत आली आहेत, पुस्तकातलं कुठलं पान चालू आहे, कुठलं मूल गप्प आहे. पाठ्यपुस्तकं नेपाळच्या पाठ्यक्रम विकास केंद्राच्या साइटवर फुकट मिळतात, घरूनच पीडीएफ डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेटवर अवलंबून राहायला नको.

याच आठवड्यात अंगवळणी पडायला हवं ते जेवणाचं वेळापत्रक. डाळ-भात सकाळी नऊच्या सुमारास, शाळा साधारण दहा ते चार, मधे दुपारी हलका खाजा, म्हणजे नाश्ता, आणि रात्री परत डाळ-भात. एक वाजता पोटभर जेवायची सवय असलेल्या आपल्या लोकांना सकाळी नऊला भात जात नाही, मग दुपारी तिसऱ्या तासाला चक्कर येते. सकाळी जेवा. पहिले चार दिवस जड जाईल, नंतर भूकच त्या वेळेला लागायला लागते. आणि पाचवीपर्यंतच्या मुलांना शाळेत जो सरकारी खाजा मिळतो त्यात वाटा मागू नका, एका मुलामागे मोजकेच रुपये मिळतात, आपले चणे-फुटाणे बरोबर ठेवा.

फळ्यावरच्या अक्षराचंही बघा. लिपी देवनागरीच असल्याने आपण बिनधास्त लिहितो, पण आपण मराठीत ल आणि श ज्या वळणाने काढतो ते तिथल्या लहान मुलांना वाचता येत नाही, आणि त्यांचे काही आकडेही वेगळ्या वळणाचे असतात. जोडीदार शिक्षकाच्या फळ्याचा फोटो काढा, रात्री तसंच लिहायचा सराव करा. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी याने फार फरक पडतो.

सावधान: हिंदी सगळ्यांना कळते म्हणून वर्गात हिंदीतच सुरू होऊ नका. टीव्हीमुळे मुलांना कळते हे खरं, पण मोठ्या शिक्षकांना ते खटकू शकतं, आणि ते तोंडावर कुणी बोलून दाखवणार नाही. मोडकी नेपाळी बोला, मुलं आनंदाने दुरुस्त करतात.

टप्पा ५: रोज सकाळचा क्रम

दिवस कसा जाणार हे ओळखायचं असेल तर या क्रमाने जा.

१. आदल्या संध्याकाळी जोडीदार शिक्षकाला एकच प्रश्न: उद्या कोण कोण नाही? "उद्या शाळा आहे ना" असं विचारलंत तर उत्तर हमखास "छ, छ" (आहे, आहे) येतं, कारण शाळा असतेच, फक्त शिक्षक ट्रेनिंगला गेलेले असतात.

२. सकाळी चहाच्या वेळी घरातल्या मुलांना विचारा. आज अर्ध्या दिवसात सुटणार का, कुणाच्या घरी पूजा आहे, कुणाचं लग्न आहे, हे मुलांना शिक्षकांच्या आधी माहीत असतं.

३. शाळेत प्रार्थनेच्या वीस मिनिटं आधी पोहोचा आणि स्टाफरूममध्ये हजेरीपुस्तकाजवळ उभे राहा. कुणाची सही नाही ते बघा. पहिल्या घंटेला तुम्हाला कुठल्या वर्गावर पाठवतील याचा अंदाज इथेच येतो.

४. प्रार्थनेच्या रांगेत साधारण मुलं मोजा. तुमच्या वर्गाची रांग निम्मी असेल तर नवा धडा आज नको.

५. मगच ठरवा: ठरलेला धडा, की खिशातला तास, म्हणजे कुठेही घेता येईल असा तयार तास (टप्पा ६ बघा).

बहुतेक जण पाचवी पायरी आदल्या रात्रीच उरकतात आणि सकाळी चिडतात. निर्णय रांग बघून घ्या.

टप्पा ६: खिशातले तास

या सगळ्या लेखातला हाच भाग नीट वाचा. ठरलेल्या धड्यांपेक्षा जास्त मेहनत अशा तासांवर घ्या जे कुठल्याही वर्गात, कितीही मुलांत, साहित्याशिवाय आणि लाइट नसताना घेता येतात. निघायच्या आधी असे आठ-दहा तयार पाहिजेत, प्रत्येक एका कार्डावर लिहिलेला. इयत्ता बदलली तर काय सोपं करायचं, काय अवघड करायचं हेही त्याच कार्डावर. नमुना म्हणून एक पूर्ण देते.

मैदान मोजणे. सुतळीला दर मीटरला गाठ मारून दहा मीटरची दोरी करा, ती कायम पिशवीत. हेडसर नाहीत, दोन शिक्षक ट्रेनिंगला, आणि चौथी-पाचवी एकत्र तुमच्या अंगावर आली, आपले झेडपीचे शिक्षक याला जोडवर्ग म्हणतात, तर सगळ्यांना बाहेर काढा. चौघांचा एक गट, चौथीतले दोन आणि पाचवीतले दोन. आधी अंदाज: या भिंतीपासून त्या झाडापर्यंत किती मीटर? प्रत्येकाने वहीत लिहायचं, लिहिल्याशिवाय दोरी मिळणार नाही. मग मोजायचं, एक जण दोरीचं टोक धरणार, एक ताणणार, एक दर दहा मीटरला खडा ठेवणार, एक लिहिणार. वर्गात परत आल्यावर चौथीने अंदाज आणि मोजमाप यातला फरक काढायचा, पाचवीने मैदानाचं क्षेत्रफळ. ज्यांचं आधी होईल त्यांनी मैदानाचा नकाशा काढायचा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आरामात जातात. आणि मोजताना बघा, वर्गात एक शब्द न बोलणारी मुलगी दोरी ढिली धरणाऱ्या पोराला ओरडून ताणायला लावते. तिचं नाव त्याच दिवशी वहीत लिहा, तिला काय जमतं ते तुम्हाला आता कळलंय.

अजून काही: एका चित्रावर पाच इंग्लिश प्रश्न. नेपाळी रुपयांचं दुकान, चिठ्ठ्यांच्या नोटा करून. आजीला विचारून आणायची गोष्ट, दुसऱ्या दिवशी तीन वाक्यांत इंग्लिशमध्ये. पानांची वर्गवारी.

एक तास मात्र बिनआवाजाचा ठेवा. डोंगरातल्या कित्येक शाळांना पत्र्याचं छत असतं आणि जोराचा पाऊस आला की तुम्ही पहिल्या बाकावरच्या मुलालासुद्धा ऐकू जात नाही. ओरडू नका, घसा बसेल आणि उपयोग शून्य. फळ्यावर मोठ्या अक्षरात सूचना लिहा आणि मूक खेळ घ्या: तुम्ही हावभाव करणार, मुलं वहीत इंग्लिश क्रियापद लिहिणार, मग एकेक मूल पुढे येऊन करणार.

नेहमीची चूक: भारतातून खेळणी, किट, प्रोजेक्टर असं भरपूर सामान नेणं. लाइट गेली की प्रोजेक्टर मेला, किट तुमच्याबरोबर परत गेलं की शिक्षकाला तो धडा घेताच येत नाही. जे गावच्या दुकानात मिळत नाही ते धड्यात वापरू नका.

टप्पा ७: दिवस पूर्णच मोडला तर

तीन प्रकार असतात, तिन्हीला वेगळं वागायचं.

साधी सुट्टी किंवा बंद: घरी बसून मोबाइल बघत राहू नका. घरातल्यांबरोबर शेतात जा, भाजी निवडा, मुलांची घरं बघून या. याच दिवसांत पालक तुम्हाला ओळखायला लागतात आणि मग गैरहजर मुलाबद्दल तुम्ही विचारलं तर खरं कारण सांगतात.

आंदोलन, कर्फ्यू: सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने सोशल मीडियावर बंदी आणली, त्यात व्हॉट्सॲपही होतं, आणि ८ सप्टेंबरपासून तरुणांच्या आंदोलनानंतर काठमांडूसह अनेक शहरांत कर्फ्यू लागला, विमानतळही बंद ठेवावा लागला. म्हणून सगळे नंबर कागदावर लिहून ठेवा: हेडसर, घरमालक, संस्था, काठमांडूतला भारतीय दूतावास. घरच्यांना साध्या कॉलने पोहोचता येईल अशी सोय करा, आठवडाभर पुरेल इतकी रोख ठेवा. अशा वेळी गाव सोडून शहराकडे धावू नका. बहुतेक वेळा गावातच जास्त सुरक्षित असतं.

भूकंप: २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, तो शनिवार होता, शाळा बंद होत्या, हजारो वर्ग कोसळले आणि मुलं त्यात नव्हती. पहिल्याच दिवशी बघा: वर्गाचं दार बाहेर उघडतं की आत, मोकळी जागा कुठे, कुठली भिंत तडकलेली. मुलांना बहुतेक वेळा सराव असतो, त्यांनाच विचारा कुठे जमायचं.

टप्पा ८: जिथे घाई करायची नाही

छडी दिसली तर? नेपाळमध्ये २०१८ च्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे, तरी काही वर्गांत ती दिसते. वर्गात सगळ्यांसमोर शिक्षकाला अडवलंत तर तुमचं नातं तिथेच संपतं, पण गप्प बसणंही बरोबर नाही. मधे जाऊन त्या मुलाला काहीतरी काम सांगून बाजूला घ्या, नंतर जोडीदार शिक्षकाशी, मग हेडसरांशी एकट्यात बोला. मुलाला इजा झाली असेल तर त्याच दिवशी हेडसर आणि संस्था दोघांनाही लेखी कळवा.

फोटो: शाळेची लेखी परवानगी आणि पालकांचं हो असल्याशिवाय मुलांचे चेहरे टाकू नका. गावाचं नाव आणि मुलाचं नाव एकत्र तर कधीच नाही.

पैसे, फी, मोबाइल असं कुठल्याही एका मुलाला देऊ नका. द्यायचंच असेल तर शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत द्या, पावती घ्या. आणि मुलासोबत एकटं बंद खोलीत थांबायचं नाही, शिकवणीसाठीसुद्धा नाही. ओसरीवर बसा.

टप्पा ९: संध्याकाळची वही

रोज दहा मिनिटं, जेवायच्या आधी, कारण जेवल्यावर झोप येते. चार ओळी पुरे: काय ठरलं होतं, काय झालं, कुठलं मूल कुठे अडलं, उद्या कोण नाही. भावनांची डायरी वेगळी ठेवा, ही वही शाळेत राहणार आहे. महिनाभरानंतर तीच पानं चाळली की दिसतं, दिवस वाटतो तितका बेभरवशाचा नसतो. शुक्रवार कायम अर्धवट जातो, बाजाराच्या दिवशी मोठ्या मुली कमी असतात, महिन्याच्या शेवटी शिक्षक कागदपत्रांत अडकतात. मग त्या हिशोबाने अवघड धडे हलवा.

टप्पा १०: निघायचा आठवडा

मुलांना किमान आठवडाभर आधी तारीख सांगा. "परत येईन" असं नक्की माहीत नसेल तर म्हणू नका, ती वाट बघतात.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. जोडीदार शिक्षकाने तुमच्या कार्डांवरचे तास घ्यायचे आणि तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. अडलं तिथे कार्डावरची भाषा बदला, त्यांच्या अक्षरात, नेपाळीत लिहून घ्या. वही आणि कार्डं हेडसरांच्या हातात द्या, कपाटात कुठे ठेवली ते दोन शिक्षकांना दाखवा. घरमालकांचा हिशोब आदल्या दिवशी पूर्ण करा, उरलेले नेपाळी पैसे बॉर्डरवर बदलता येतात. निरोप समारंभ लांबतो, कपाळाला टिळा लावतात, माळा घालतात, प्रत्येक जण बोलतो, म्हणून त्याच दिवशीची बस धरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळचीच सीट बुक करा आणि बस नक्की सुटणार का ते आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा.